खराब लॉट कुणाच्या नावावर

पहिल्याच दिवशी हिमांशु सरांनी फळ्यावर लिहिलं, 'डेटा कधी खोटं बोलत नाही', आणि खाली दोन रेघा मारल्या. सरांचं वय सव्वीस. शनिवारी सकाळच्या गाडीनं नागपूरहून गोंदियाला यायचे, रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. आयुष्यात त्यांनी कुठली वस्तू तयार केलेली नव्हती, विकलेली नव्हती, एवढंच काय, बिघडवलेलीही नव्हती. पण डेटा काय बोलतो आणि काय नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी सतरा वर्षं एका राईस मिलच्या लॅबमध्ये बसून हाच डेटा पैदा केलेला. तो कधी, किती आणि कुणाच्या सांगण्यावरून खोटं बोलला हे मी तारखेसकट सांगू शकले असते. तरी मी सरांचं वाक्य वहीत उतरवून घेतलं, कारण मी शिकायला आले होते.

डेटा अॅनालिसिसचा हा क्लास मोबाईलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरायचा. आम्ही तेवीस जण. बावीस पोरंपोरी आणि मी, चेतना बोपचे, वय त्रेचाळीस. एका पोरीनं पहिल्या दिवशी मला विचारलं, "आंटी, आप किसकी मम्मी हो?" त्यानंतर सगळ्यांचीच मी आंटी झाले. या बावीस जणांपैकी एकानंही पगारासाठी एक दिवस काम केलेलं नव्हतं, आणि प्रत्येकाला वर्षभरात बंगळुरूला जायचं होतं. पहिले दोन महिने आम्हाला कुठल्याशा परदेशी फुलांच्या पाकळ्यांची लांबी-रुंदी दिली आणि त्यावरून फुलाची जात ओळखायला सांगितली. पोरं ओळखायची आणि टाळ्या वाजवायची. ते फूल कुणी पाहिलं नव्हतं, सरांनीसुद्धा नाही. आमच्याकडे धानाच्या जाती ओळखणारे हमाल आहेत, पोत्यात हात घालून सांगतात. त्यांच्यासाठी कधी कुणी टाळी वाजवलेली मला आठवत नाही.

मग मी तिथं गेलेच कशाला? हौस म्हणून नाही. आमच्या मिलचे मालक नंदलाल शेठ यांनी कॅमेऱ्याचं मशीन आणलं. माझं काम ट्रेमध्ये तांदळाचा नमुना पसरायचा, अख्खा दाणा आणि तुकडा वेगळा करायचा आणि वजन करून तुकड्याची टक्केवारी लिहायची, हे होतं. ते काम मशीन चाळीस सेकंदांत करायला लागलं. शेठ म्हणाले, "देखो चेतना, या तो मशीन के ऊपर बैठना सीखो, या फिर घर बैठो." घरी बसण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती, आणि स्वभाव तर त्याहून नव्हता. कुडव्याहून स्कुटीनं दर शनिवार-रविवार क्लासला जायला लागले.

तिसऱ्या महिन्यात सरांनी प्रोजेक्ट दिला. पोरांनी इंटरनेटवरून कुणाकुणाच्या घरांच्या किमती, कुणाकुणाच्या गाण्यांचे आकडे उतरवून घेतले. मी मिलच्या सहा वर्षांच्या लॉट-वह्या काढल्या. आमची मिल उसना तांदळाची. धान गरम पाण्याच्या हौदात भिजवायचा, वाफ द्यायची, ड्रायरमध्ये वाळवायचा आणि मग भरडायचा. वहीत प्रत्येक लॉटची एक ओळ असते: तारीख, किती तास भिजवला, किती मिनिटं वाफ, हौद आणि ड्रायर सांभाळणाऱ्या मिस्त्रीचं नाव, आणि शेवटी तुकडा किती टक्के. शेवटचा आकडा माझ्या हातचा. अशा तीन हजार दोनशे ओळी मी तीन आठवडे बसून कॉम्प्युटरमध्ये भरल्या. शेठही खूश झाले. तुकडा वाढला म्हणून बाहेरचे व्यापारी त्यांच्या मागे लागले होते. ते म्हणाले, "निकालो, मेरा चावल कौन तोड़ रहा है."

भरताना मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. भिजवण्याच्या रकान्यात सहा वर्षं सरसकट 'आठ' लिहिलेलं. आमचे मिस्त्री पाळीवर आले की आधी वही भरतात आणि मग हौदाकडे जातात, हे मिलच्या कुत्र्यालाही माहीत आहे. मी सरांना ते दाखवलं. म्हटलं, "सर, हे आठ म्हणजे आठ नाहीत. सहाही असतील, अकराही असतील." सर खुर्चीतून उठले. वर्गाला म्हणाले, "बघा, याला म्हणतात इंडस्ट्रीचा अनुभव! आंटींनी काय पकडलं बघा!" आम्ही तो रकाना काढून टाकला. त्या दिवशी मी मान ताठ करून घरी गेले. मिस्त्र्यांची लबाडी मी पकडली होती आणि मला वाटलं, पकडण्यासारखं जे होतं ते सगळं पकडून झालं.

या ओळींवरून कारण शोधणारं मॉडेल चाललं. पडद्यावर आडव्या पट्ट्यांचा ग्राफ आला. तुकडा कशामुळे वाढतो, तर जितका वाटा जास्त तितकी पट्टी लांब. सगळ्यात लांब पट्टी वाफेची नव्हती, महिन्याची नव्हती. तिच्यापुढे नाव होतं: परसराम.

परसराम कापगते आमच्याकडचा सगळ्यात जुना मिस्त्री. सौंदडचा. बाकीच्या मिस्त्र्यांच्या लॉटमध्ये तुकडा सरासरी पाच टक्के, परसरामच्या लॉटमध्ये नऊ. थोडाथोडका नव्हे, जवळजवळ दुप्पट, आणि तोही सहाच्या सहा वर्षं. हिमांशु सरांनी मला उभं केलं आणि सगळ्यांकडून टाळ्या वाजवून घेतल्या. "मॅडम, याला म्हणतात इनसाइट!" त्या दिवसापासून मी आंटीची मॅडम झाले. पुढच्याच शनिवारी सर स्वतः मिलमध्ये आले. शेठसोबत फोटो काढला, ग्राफ कागदावर छापून दिला. शेठनी ती पट्टी बोटानं मोजली आणि म्हणाले, "नंबर बोलता है."

आता माझं सांगते. मला थोडं आश्चर्य वाटलं. पण फार नाही. परसरामभाऊ हा माणूस मला कधी आवडला नव्हता. वहीला हात लावायचा नाही, दुसऱ्याकडून भरून घ्यायचा. काही विचारलं की उत्तर नाही, नुसता दाणा अंगठ्याच्या नखानं फोडून समोर धरायचा. चालू ड्रायर मध्येच बंद करून म्हणायचा, "धानाले झोपू द्या जी दोन-तीन घंटे." कशाला, ते सांगायचा नाही. असा माणूस नुकसान करत असेल हे पटायला मला एक दुपारसुद्धा लागली नाही. वर शेठनी लॅबच्या दारावर माझ्या नावाची पाटी लावायचं कबूल केलं होतं: डेटा अॅनालिस्ट.

जानेवारीच्या शेवटी परसरामभाऊला काढलं. वय अठ्ठावन्न, दुसरीकडे कुणी घेणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. शेठनी त्याला तो ग्राफ दाखवला. त्यानं कागद हातात घेतला, उलटा करून पाठीमागं काही आहे का पाहिलं, परत दिला आणि डबा घेऊन स्टेशनकडे गेला. जाताना माझ्या दारापाशी क्षणभर थांबला होता. मला वाटलं शिव्या देईल. पण एका शब्दानंही बोलला नाही.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी खरेदी केंद्राच्या उघड्या पटांगणात पडून असलेल्या धानाचा एक ट्रक आला. मी नमुना पाहिला. दाणा पिवळा पडलेला, काही कोंब फुटलेला, दोन जाती मिसळलेल्या. मी फोन उचलला आणि खाली हौदावर सांगितलं, "हा लॉट खराब आहे, परसरामभाऊले द्या."

पलीकडे सोनू होता, नवा मिस्त्री. तो म्हणाला, "कोनाले द्या मन्ता मॅडम? परसरामभाऊले त तुमीच काहाडल्या ना."

मी फोन ठेवला.

सतरा वर्षं हे वाक्य मी बोलत आले होते. हा लॉट खराब आहे, परसरामभाऊले द्या. भिजलेला, कोंब फुटलेला, मिसळलेला, ज्याला दुसऱ्या मिस्त्र्यानं हात लावला तर वीस टक्के तुकडा निघेल, असा प्रत्येक लॉट मी त्याच्याकडे पाठवला. तो रात्रपाळीला असला तर लॉट त्याच्यासाठी थांबवून ठेवला. चांगला धान दुसऱ्या कुणालाही. वीसचे नऊ करत होता तो माणूस. आणि माझं हे वाक्य कुठल्याच वहीत नव्हतं, कारण ते मी फोनवर बोलायचे. मिस्त्र्यांचे आठ तास पकडून मी टाळ्या घेतल्या, आणि माझ्या स्वतःच्या तोंडातून रोज निघणारी गोष्ट तीन हजार दोनशे ओळी भरताना मला एकदाही आठवली नाही. परदेशी फुलांवर टाळ्या वाजवणाऱ्या पोरांना मी मनात हसत होते. त्यांनी निदान कुणाची नोकरी तरी घेतली नव्हती.

शनिवारी मी हे हिमांशु सरांना सांगितलं. ते दचकले नाहीत, उलट खुलले. "अरे हो, मॅडम! याला सिलेक्शन बायस म्हणतात, नमुने आधीच निवडून वाटले की निकाल चुकतो. क्लासिक केस आहे. तो चॅप्टर पुढच्या महिन्यात आहे." मी विचारलं, "मग हा चॅप्टर आधी का नाही घेतला?" ते म्हणाले, सिलॅबसचा क्रम नागपूरहून येतो. माणूस काढायचा चॅप्टर आधी आणि का काढू नये तो नंतर, असा त्यांचा क्रम होता. शेठकडे येऊन सांगाल का, असं विचारल्यावर त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. तो फोटो इन्स्टिट्यूटच्या जाहिरातीत छापून झाला होता.

मग मीच शेठकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मोबाईल पुढे केला. परसराम गेल्यापासून मिलचा तुकडा पावणेसहावरून पाचवर आला होता. "नंबर बोलता है, चेतना."

"शेठजी, सध्या कोरडा धान येऊन राहिला. खराब लॉटच नाहीत. सोनूकडे तो एक गेला, त्याचे अठरा टक्के निघाले."

"वो आउटलायर है," शेठ म्हणाले. बाकीच्यांपासून फटकून असलेल्या आकड्यासाठीचा हा शब्द त्यांना हिमांशु सरांनी शिकवला होता. धानाचा धंदा करणाऱ्या तीन पिढ्यांच्या घरातल्या माणसाला नको ती गोष्ट न बघण्यासाठी एक इंग्रजी शब्द मिळाला होता, आणि त्यांनी तो खिशात जपून ठेवला होता.

मी आणखी बोलायला हवं होतं. बोलले नाही. एकदा सांगितलं, तेही हळू आवाजात, आणि माझं काम झालं असं मीच ठरवलं. दारावर पाटी लागली होती. मार्चमध्ये परीक्षा झाली, मला एक्क्याण्णव टक्के पडले. शेठनी पेढे वाटले आणि मी ते खाल्ले. माझ्यासारख्या बाईला काय म्हणतात ते मला माहीत आहे, गोंदियाच्या बाजारात ते शब्द सहज ऐकायला मिळतात.

मे महिन्यात उन्हाळी धान निघाला आणि त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस सलग पाच दिवस कोसळला. पटांगणातला धान ताडपत्रीखाली तापला, कोंबला. ट्रकमागून ट्रक तसेच यायला लागले. सोनूनं पहिला लॉट आठ तास लिहून बारा तास भिजवला, दुसरा घाबरून पाच तास. एकोणीस टक्के, बावीस टक्के, पुन्हा बावीस. व्यापाऱ्यांनी तीन गाड्या परत पाठवल्या. शेठ माझ्या लॅबमध्ये आले, ग्राफचं नाव काढलं नाही, खुर्चीत बसून म्हणाले, "उसको ले आओ." मी म्हटलं, तुम्ही फोन करा. ते म्हणाले, "तू निकाली, तू ला." या एका बाबतीत त्यांचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी सौंदडला गेले. परसरामभाऊचं घर विचारायला लागलं नाही, अंगणात चटईवर उसना धान वाळत घातलेला दिसला. घरच्या खाण्यापुरता होता. तो चटईच्या कडेला उकिडवा बसून धान हातानं फिरवत होता. त्याची बायको कुंदाबाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं मला पाहिलं आणि सूप आवाज करून खाली ठेवलं.

"या जी मॅडम," परसरामभाऊ म्हणाला. "कायले येनं केल्या?"

"शेठनं बोलावलं तुम्हाले. धान भिजून आला. कोणाच्या हातानं होऊन नाही राहिला."

"तुमची मशीन काय मन्ते मंग?"

मी गाडीत बसून पाठ केलेलं सगळं बोलून टाकलं. खराब लॉट मीच तुमच्याकडे पाठवत होते, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं, म्हणून मॉडेलनं दोष तुमच्यावर ढकलला. मला खूप वाईट वाटतं. माझ्या ध्यानातच आलं नाही.

"ध्यानात नाही आलं?" त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "मॅडम, तुमी रोज फोन करत होत्या. 'परसरामभाऊले द्या.' मी हौदापाशी उभा राहून आयकत होतो ना. मले वाटलं, मॅडमनं खुर्चीसाठी केलं. खुर्चीसाठी करते मानूस, थे समजते मले. म्हून तुमच्या दारातून काही न बोलता आलो. आता तुमी मन्ता का भुलल्या. मंग दर शनवारी कायचं शिकून राहिल्या होत्या तुमी?"

कुंदाबाई हसली. चांगलं हसणं नव्हतं ते. "पास झाल्या का पन?" तिनं विचारलं.

"झाले," मी म्हटलं.

"किती आले?"

मी सांगितलं नाही. मला शिव्या चालल्या असत्या. लबाड म्हटलं असतं तर मी मान खाली घालून ऐकून घेतलं असतं. पण तो मला लबाडही मानायला तयार नव्हता. सतरा वर्षं मी त्याला अडाणी समजत होते आणि आता त्याच्या अंगणात उभी राहून मी अडाणी आहे हे त्याला पटवून देत होते, कारण त्याशिवाय माझ्याकडे दुसरं कारणच नव्हतं.

त्यानं मूठभर धान उचलून पाहिला, परत चटईवर पसरला आणि म्हणाला, "मी येतो. शेठसाठी नाही. धान सडून राहिला, थे पाहावत नाही. पन तुमच्या वहीत माह्यं नाव नको."

"रकाना रिकामा नाही ठेवता येत परसरामभाऊ. कॉम्प्युटर घेत नाही."

"मंग तुमचं लिवा," तो म्हणाला. "पाठवत त तुमीच होत्या."

तो त्याच संध्याकाळी माझ्यासोबत गाडीत बसला. मिलमध्ये उतरल्यावर थेट हौदाकडे गेला, ओंजळभर धान काढला, नखानं फोडला आणि पाणी सोडायला सांगितलं. ड्रायर मध्येच बंद केला. या वेळी मी कशाला म्हणून विचारलं, आणि त्यानं सांगितलं. एकदम वाळवला तर दाण्याला आतून चिरा पडतात आणि भरडताना तो फुटतो. थांबला की आतला ओलावा सगळीकडे सारखा होतो. सतरा वर्षांत त्यानं सांगेपर्यंत मी कधी थांबलेच नव्हते. बावीसचा लॉट दहावर आला, पुढचा नऊवर.

त्या महिन्यात एकतीस खराब लॉट निघाले. एकतीस ओळींत मिस्त्रीच्या रकान्यात मी लिहिलं: चेतना बोपचे. शेठना ते दाखवलं. ते मोबाईलवर बोलत होते, मान डोलावली आणि गेले.

जूनमध्ये त्यांनी हिमांशु सरांना नवं मॉडेल बनवायला सांगितलं. जुन्यात गलती होती, आता नवी वही आहे, नवा चॅप्टर आहे, असं सर म्हणाले म्हणे. मला कुणी विचारलं नाही. गुरुवारी सरांचा फोन आला. आवाज एकदम खाली.

"मॅडम, ग्राफ आलाय. जरा नाजूक आहे. मी तो सकाळीच शेठना पाठवला, ते सोमवारी तुम्हाला बोलावतील. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, पण सगळ्यात लांब पट्टी..."

"माझी आहे," मी म्हटलं.

"तुम्हाला माहीत होतं?" सरांना खरंच आश्चर्य वाटलं.

खिडकीतून खाली नवा ट्रक आलेला दिसत होता. ताडपत्रीतून पाणी ठिबकत होतं. सरांना थांबा म्हटलं, दुसरा फोन उचलला, लॉट परसरामभाऊला द्यायला सांगितला आणि वहीत माझं नाव लिहिलं.